रविवार कळायचा कसा

टायफूननं किल्ली दिलीच नाही, एक कार्ड दिलं,
हॉटेलच्या खोलीचं असतं तसं.
"शनिवार-रविवार ठेवा," म्हणाला, "सोमवारी सांगा."
कोब्लेन्झच्या शोरूममधून निघालो
तेव्हा आरशात तो हात हलवत होता
आणि मला अजून कळलं नव्हतं
की गाडी सुरू झालीय.

हिच्याबद्दल खोटं कशाला बोलू.
टायफूनचे आकडे खरे निघाले.
मोझेलच्या पुलापलीकडे पाय दाबला,
मान मागे आपटली,
पण पोटातलं पाणी हललं नाही.
आणि मी तर पस्तीस वर्षं
ते पाणी हलवायलाच गाडी चालवतोय.

माझी जुनी, सत्त्याऐंशी सालची.
सहा सिलिंडर, इंजिन मागे,
कुणी पाठीत थाप घालून पुढे ढकलावं तसं.
हिवाळ्यात दुसऱ्या गिअरला विचारावं लागतं,
तो आधी नाही म्हणतो, मग हो.
तेल तापायला अकरा मिनिटं.
तेवढा वेळ तिला ओरडायला लावायचं नाही,
झोपेतून उठवलेल्या माणसाशी बोलतात
तसं उतारावरून हळू न्यायचं.
क्लचनं डावा गुडघा खाल्ला,
पेट्रोलनं खिसा.
फ्रीडेरिकेनं कोलोनहून हिशेब पाठवलाय,
रकाने आखून, लाल अक्षरात बेरीज.
खाली एकच ओळ:
बाबा, हे फक्त पैशांचं झालं.

गॅरेजात दोघी मावेनात.
जुनीला अंगणात काढलं, ताडपत्री घातली.
दोरी बांधताना तिच्याकडे बघितलं नाही.

रविवारी सहाला निघालो, नेहमीसारखा.
धुकं. वळणं तीच, पाठ असलेली.
हात गिअरकडे गेला, तिथे काही नव्हतं.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना,
तसा पुन्हा पुन्हा जात राहिला.

केसेलिंगच्या दरीत काच खाली केली
आणि ऐकू आली टायरांखालची खडी,
मग एक सुतारपक्षी.
इतकी वर्षं तिथेच ठोकत बसला असणार,
मला काय पत्ता.
हे आवडलं मला. कबूल.
फ्रीडेरिकेला सांगू नका.

साडेसातला परतलो तर दारात क्रॉइट्झबाई.
नाइटगाऊनवर नवऱ्याचा कोट,
हातात माझ्या घराची किल्ली,
बारा वर्षांपूर्वी कुंड्यांना पाणी घालायला दिलेली.
याच बाईंनी दोन हजार तीन साली
नगरपालिकेत माझ्याविरुद्ध अर्ज केला होता.
सह्या सात, तीन त्यांच्याच घरातल्या.
"गोंगाट" हा शब्द नऊ वेळा.
मी मोजला होता.

"सहा वाजले. सव्वासहा. आवाज नाही,
गाडी तर जागेवर.
म्हटलं, गेला वेंडेलिन."
मग त्यांनी ही निळी, मुकी गाडी
पुढून पाहिली, मागून पाहिली,
मोबाइलसारखी रात्री लावून ठेवायची का, विचारलं.
मी म्हटलं, हो.
"शांत आहे."
म्हटलं, "बघा, एवढ्या वर्षांनी
तुमचा अर्ज मंजूर झाला."
हसल्या नाहीत.
कोटाचं वरचं बटण लावलं, म्हणाल्या,
"मग रविवार आहे हे मला कळायचं कसं?"

टायफूनचा फॉर्म स्वयंपाकघरात पडलाय,
मिठाच्या डबीखाली.
नाव लिहून झालंय, पत्ता लिहून झालाय.
सहीच्या जागी पेनची एक चाचणी रेघ.

रात्री दहाला ताडपत्री काढली
आणि जुनी सुरू केली, जागच्या जागी,
पूर्ण अकरा मिनिटं.
कुठे जायचं नव्हतं.
पलीकडे दिवा लागला,
पडदा सरकला,
आणि खिडकी धाडकन बंद झाली.

तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.